सुवर्णभूमीहून परतलेल्या भाऊसाहेबांस

प्रति,
श्री. भाऊसाहेब,
कृषी सेवा केंद्राचे मालक, गणेश मंडळाचे मार्गदर्शक, कंपनीचे 'गोल्ड डीलर',
मुक्काम मोंढा, नांदेड. तसेच आडत लाइन, लातूर.



तुम्ही सुखरूप परतलात, आनंद झाला. चौकात तुमच्या स्वागताचा फलक लागलाय. त्यावर तुम्ही गॉगल लावून उभे आहात, मागे निळा समुद्र आहे, आणि खाली लिहिलंय, 'थायलंड अभ्यासदौरा यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक म्हणून अकरा मित्रांचे फोटो आहेत. त्यांतले नऊ तुमच्यासोबतच होते, म्हणजे त्यांनी स्वतःचंच अभिनंदन परस्पर उरकून घेतलंय. अभ्यास कशाचा झाला, ते मात्र फलकावर कुठे नाही. जागा अपुरी पडली असावी.

तुमचं नाव मी लिहीत नाही. घाबरून नव्हे. एक नाव लिहिलं की उरलेले सगळे हुश्श करून चहा मागवतात. तुम्ही नांदेडच्या मोंढ्यात आहात, लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास आहात, उदगीरला आहात, देगलूरला आहात. खताचं दुकान असलंच पाहिजे असंही नाही. सिमेंट, रंग, टाइल्स, मोटारपंप, काहीही विकत असाल. ज्याला टोपी बसेल त्यानं घालावी. तुमच्या मापाच्या टोप्या मोंढ्यात बऱ्याच आहेत.

तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या दादांना ओळखता. कंधारकडच्या डोंगरपट्ट्यातले, चार एकरवाले, तुमच्या खातेवहीत ज्यांचं एक पान आहे ते. मी त्यांची थोरली. नांदेडात शाळेत शिकवते. तुमच्या दौऱ्याची माहिती मला कशी, असा प्रश्न पडला असेल तर सांगते: तुमच्यातल्या एकानं परतल्यावर हायवेच्या ढाब्यावर तिसऱ्या पेगनंतर सविस्तर प्रवासवर्णन केलं. टेबल पुसणारा पोरगा माझा जुना विद्यार्थी. त्याला वर्गात कधी इतकं लक्ष देऊन ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

आधी दौऱ्याचा फोटो. तुम्ही तो नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकलात, म्हणून माझ्यापर्यंत आला. बँकॉकच्या विमानतळाचं नाव सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मध्ये वासुकी. त्याच्यापुढे हात जोडून तुम्ही उभे, आणि खाली ओळ: 'आपली संस्कृती सातासमुद्रापार!' तुम्ही नेमके कुणाच्या बाजूला उभे आहात, हे मी फोटो मोठा करून पाहिलं. त्यानंतर तीन रात्री एकही फोटो नाही. चौथ्या दिवशी थेट बुद्धाच्या मंदिरातला. मधल्या काळात संस्कृतीला रेंज नसावी.

नियोजनाचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. दौरा श्रावण सोडून ठरवला, कारण श्रावणात तुम्ही पथ्य पाळता. पितृपंधरवडाही टाळला, पितरांना काय वाटेल म्हणून. एकादशी मध्ये येत होती, तर म्हणे त्या दिवशी साबुदाण्याची सोय होईल का, हे टूरवाल्याला आधी विचारून घेतलंत. गळ्यातली माळ विमानात बसतानाच शर्टाच्या आत गेली. आणि वहिनींना सांगितलंत, 'कंपनीचं ट्रेनिंग आहे, बायकांना परवानगी नाही.' यातलं दुसरं वाक्य खरं होतं. टूरवाल्यांच्या भाषेत अशा सहलीला 'स्टॅग' म्हणतात. स्टॅग म्हणजे हरणाचा नर. वहिनींनी बिचाऱ्यांनी शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि पोटदुखीच्या गोळ्या बांधून दिल्या. नर उपाशी राहू नये म्हणून.

आता मुद्द्याचं. तुम्ही सगळीकडे सांगता, 'आपला एक रुपया लागला नाही, सगळं कंपनीनं केलं.' भाऊसाहेब, कंपनी काय झाडाला पैसे लावते? हिशेब तुमच्याच दुकानातला आहे, मी फक्त मोठ्यानं वाचते. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना, डीएपीची 50 किलोची 1350 ला. किमती सरकारनं बांधलेल्या. त्यातून तुमचा बँकॉकचा तर सोडाच, बासरचासुद्धा खर्च निघत नाही. खर्च निघतो तो बाटलीतल्या टॉनिकवर, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्यांवर, 'फुलधारणा दुप्पट' म्हणणाऱ्या रंगीत द्रावणांवर. म्हणून जूनमध्ये दादा डीएपी मागतात तेव्हा तुमचा पोरगा म्हणतो, 'डीएपी आहे, पण सोबत हे दोन डबे घ्यावे लागतील.' तुमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. सरकार दरवर्षी 'लिंकिंग केल्यास कारवाई' असं पत्रक काढतं, आणि तुम्ही ते पत्रक त्याच डब्यांच्या मागे चिकटवता.

दादा डबे घेतात. रोख नसते, म्हणून उधारीवर घेतात. उधारीवर घेतात म्हणून भाव वेगळा लागतो. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी होते, पुन्हा बियाणं, पुन्हा तुमचंच दुकान. डब्यांचा आकडा वाढत जातो. तो आकडा तुमच्या टार्गेटमध्ये बसतो. टार्गेट पूर्ण झालं की स्कीम लागते, आणि स्कीम लागली की सुवर्णभूमी. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये होता, आणि मोंढ्यात माल त्याच्या खालीच जात होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पाणी गावांत शिरलं, सप्टेंबरात मराठवाडाभर उभी पिकं कुजली. पिकं गेली तरी वहीतली उधारी जागची हलली नाही. तुमच्या विमानाची एखादी तरी सीट माझ्या दादांच्या पानावर उडाली आहे. म्हणून मला वाटतं, दौऱ्याचा अहवाल मागायचा मला थोडा तरी हक्क आहे.

तुम्ही अहवाल देणार नाही, तेव्हा मीच देते. तुम्ही बघितलंत ते पटाया. पूर्वी ते मच्छीमारांचं गाव होतं. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना थायलंडात अमेरिकेचे हवाईतळ होते, त्यांतला एक उतापाओ, पटायाच्या जवळ. 1967 मध्ये दोन सरकारांनी करार केला: लढून दमलेल्या अमेरिकी सैनिकांनी 'विश्रांती आणि मनोरंजना'साठी थायलंडात यावं. युद्ध संपलं, सैनिक गेले, पण बार, दलाल आणि खोल्या तिथेच राहिल्या. पुढे सैनिकांच्या जागी जर्मन आले, मग रशियन आले, आणि आता नोव्हेंबर 2023 पासून थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केल्यावर तुमच्यासारखे अभ्यासू लोक. एका सैन्याची सोय दुसऱ्याच्या कामी आली. तुम्ही कोणतं युद्ध लढून दमला होतात, तेवढं कळवा.

त्या बारमधल्या मुली पटायाच्या नाहीत, हे तुम्हांला माहीत नसणार. तुम्ही त्यांचं गाव विचारलं नसेल. त्यांच्यातल्या बऱ्याचजणी ईशान्य थायलंडातून येतात. त्या भागाचं नाव इसान. आपल्या 'ईशान्य'चंच भावंड. तिथल्या एका मोठ्या शहराचं नाव नाखोन रात्चासिमा, म्हणजे नगर राजसीमा. दुसरं बुरीराम, त्यातली 'बुरी' म्हणजे आपली पुरी. संस्कृती सातासमुद्रापार गेली आहे खरी, भाऊसाहेब. तुम्ही म्हणता ते खोटं नाही.

आता इसान कसं आहे, ते सांगते, आणि तुम्ही फक्त नावं बदलून ऐका. देशातली साधारण एक तृतीयांश माणसं तिथे राहतात आणि देशातला सगळ्यात गरीब भाग तोच. माती रेताड, पाणी धरत नाही, कुठे खारट. बरंचसं शेत पावसावर, भाताचं एकच पीक. पाऊस चुकला की वर्ष गेलं. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, कर्जापायी जमिनीचे कागद गहाण. तरणी माणसं राजधानीत बांधकामावर, टॅक्सीवर, कारखान्यात. गावात म्हातारे आणि नातवंडं. ओळख पटली का? माझ्या दादांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, 'ह्ये तर आपल्याच भागाचं लिव्हलंस की.'

तिथे एक शब्द आहे, 'कतन्यू'. पालीतून आलेला. आपला 'कृतज्ञ'. आईबापांनी वाढवलं, त्याचं ऋण फेडायचं, हा त्याचा अर्थ. मुलगा काही दिवस भिक्खू झाला, चीवर घातलं, की पुण्य आईला मिळतं, ऋण फिटतं. मुलीला ती वाट मोकळी नाही. तिनं पैसे पाठवायचे. घराचं छप्पर, भावाची मोटरसायकल, बापाचा सोसायटीचा हप्ता, मागे ठेवलेल्या लेकराचं दूध. पटायात ती जे कमावते ते महिन्याला गावी जातं. 2020 मध्ये करोनानं सीमा बंद झाल्या, बार बंद झाले, तेव्हा पटायाच्या रस्त्यांवर फुकटच्या जेवणासाठी रांगा लागल्या आणि कितीतरी जणी बोचकं बांधून गावाकडे गेल्या. तेव्हा आपलीही पोरं पुण्याहून चालत येत होती.

तुम्ही आडतीच्या व्यवहारातले, म्हणून हा हिशेब तुम्हांला लगेच कळेल. बारमधून मुलीला बाहेर न्यायचं तर आधी बारमालकाला रक्कम मोजावी लागते. तिला तिकडे 'बार फाइन' म्हणतात. मग खोलीचं भाडं, आणणाऱ्याचं कमिशन, टूरवाल्याचा वाटा. उरलेलं तिचं. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत, हमाली, तोलाई वजा होते आणि शेवटी हातात काय राहतं, ते तुम्हांला कुणी शिकवायला नको. गल्ला कुणाचा आणि माल कुणाचा, हे मोंढ्यात जसं, तसंच तिथे.

म्हणजे बघा काय झालं. इथल्या एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या उधारीवर तुम्ही विमानात बसलात आणि तिथल्या एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या लेकीच्या खोलीत उतरलात. दोन कोरडवाहू मुलखांच्या मधली आडत तुम्ही खाल्लीत. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बाकीचं पत्र केवळ पुराव्यासाठी.

'पण ती राजीखुशीनं करते,' हे तुमचं वाक्य त्या पोरानं ढाब्यावर दोनदा ऐकलं. बरोबर आहे. दादाही तुमचे डबे राजीखुशीनं घेतात. त्यांनी सही केली आहे. डबे घेतले नाहीत तर डीएपी नाही आणि डीएपी नाही तर पेरणी नाही, एवढी छोटी गोष्ट सोडली तर कुणीही त्यांच्यावर जबरदस्ती केलेली नाही. हे वाक्य तुमचं एकट्याचंही नाही. कॅरिबियन समुद्रात डोमिनिकन रिपब्लिक नावाचा देश आहे. तिथे सोसुआ हे गाव. 1940 पासून हिटलरच्या तडाख्यातून सुटलेली ज्यू कुटुंबं तिथे वसली, त्यांनी दुधाचा धंदा उभारला. पुढे समुद्रकिनाऱ्यावर हॉटेलं आली, पर्यटक आले, आणि विसाव्या शतकाच्या शेवटी त्या गावाचं नाव देहविक्रयाच्या पर्यटनासाठी युरोपात प्रसिद्ध झालं. तिथे येणाऱ्यांच्या तोंडीही हेच असतं: राजीखुशी, आणि 'आम्ही गेलो नाही तर त्या उपाशी मरतील'. गिऱ्हाईक कुठल्याही देशाचं असो, त्याच्या खिशात दयाळूपणा असतोच. पाकिटाच्या शेजारी.

त्या बाईवर माझा राग नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यासारखी माणसं परतल्यावर सगळा राग तिच्यावरच काढतात. 'तिकडच्या बाया लई बेकार,' असं तुम्ही म्हणालात म्हणे. 19 मे 2022 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही इतरांसारखाच सन्मानानं जगण्याचा हक्क आहे आणि पोलिसांनी तिला छळू नये. न्यायालयाला ते सांगावं लागलं, कारण आपल्याकडे छळ नेहमी तिच्याच वाट्याला येतो. गोव्यात वास्कोच्या बायना किनाऱ्यावरची वस्ती जून 2004 मध्ये बुलडोझरखाली गेली. बऱ्याच बायका कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या होत्या, घरासकट उठल्या. तिथे नियमित जाणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाच्या बंगल्याची भिंत पडल्याचं मी ऐकलं नाही. बुलडोझरला पत्ता मिळत नसावा.

दुसरं वाक्य: 'तिकडे सगळं कायदेशीर आहे.' भाऊसाहेब, टॉनिकच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तुम्ही वाचत नाही, तसंच हेही वाचलेलं नाही. थायलंडात 1996 च्या कायद्यानं वेश्याव्यवसायाला मनाई आहे. पोलीस कानाडोळा करतात, तो भाग वेगळा. तो तुम्हांला परका वाटायचं कारण नाही. पण त्याच कायद्यात गिऱ्हाइकासाठीही कलम आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिची संमती होती की नव्हती, हे कुणी विचारत नाही. पैसे देणारा तुरुंगात. पंधरा ते अठरा असेल तर एक ते तीन वर्षं, पंधराच्या आतली असेल तर दोन ते सहा. तुम्ही बाईचं गाव विचारलं नव्हतंत. वय विचारलं होतंत का? आणि विमानात बसून परतलात म्हणजे सुटलात, असंही नाही. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही आपला फौजदारी कायदा लागू होतो. पूर्वी दंडसंहितेत होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या पहिल्याच कलमात आहे. म्हणजे ते कलम शोधायला पुस्तक फार उलटावंही लागत नाही.

'हे सगळं तिकडच्या पोरांच्या बाबतीत, आपल्याकडे असलं काही नाही,' असं तुम्ही म्हणाल. गोवा आपल्याकडेच आहे. मडगावच्या परिसरात फ्रेडी पीट्स नावाचा एक माणूस अनाथ मुलांसाठी आश्रम चालवायचा. लोक त्याला पुण्यवान समजत. 1991 मध्ये त्याला अटक झाली. मुलांवर अत्याचार, आणि परदेशी पर्यटकांनाही मुलं पुरवणं. 1996 मध्ये जन्मठेप झाली. त्यानंतर गोव्यानं 2003 मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात असं आहे की हॉटेलच्या खोलीत मूल फक्त कुटुंबाबरोबर किंवा रक्ताच्या नातेवाइकाबरोबर, नोंद करूनच, जाऊ शकतं. नोंद हा शब्द किती कंटाळवाणा वाटतो नाही? पण तुमच्यासारख्या पाहुण्यांपासून मुलांना वाचवायला शेवटी तोच उपयोगी पडतो.

आता तब्येतीचं. वहिनींनी पोटदुखीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या यासाठी पुरणार नाहीत. धोक्याचा संबंध आला आणि एचआयव्हीची शंका असेल तर 72 तासांच्या आत औषध सुरू करावं लागतं, आणि ते 28 दिवस घ्यावं लागतं. आता तुमच्या पॅकेजचं नाव आठवा: 'तीन रात्री, चार दिवस'. तीन रात्री म्हणजे जवळजवळ 72 तास. पहिल्या रात्रीची चूक सुधारायची मुदत तुमचं विमान परतेपर्यंत संपत आलेली. टूरवाल्यानं न्याहारी, रात्रीचं जेवण, कोरल आयलंड, सगळं पॅकेजमध्ये धरलं होतं. फक्त हे तास धरले नव्हते. थायलंडनं 1991 पासून देशभर वेश्यावस्त्यांत शंभर टक्के कंडोमची मोहीम राबवली, त्यामुळे तिकडे मोठा अनर्थ टळला. पण ती मोहीम त्यांच्या सरकारची होती. तुमच्या पाकिटात काय होतं, ते तुम्हांला माहीत.

आणि सगळंच काही कंडोमनं अडत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू पुरुषाच्या अंगी बहुतेक वेळा गुपचूप असतो. त्याचं बिल येतं बायकोला, आणि तेही बऱ्याच वर्षांनी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रूपात. हे मी लंडनचं उदाहरण सांगत नाही. लातूरच्या शेजारी, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयानं इतर संस्थांबरोबर 1,31,746 बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 2009 मध्ये जगाला कळलं ते आपल्या या बायकांमुळे. खुरपणी टाकून, रोज बुडवून तपासायला आलेल्या बायका. खरा अभ्यासदौरा त्यांनी केला, भाऊसाहेब. त्यांच्या नावाचा फलक कुठल्याच चौकात लागला नाही.

एचआयव्हीचं घरात कळतं कधी, ते जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंना विचारा. पुष्कळदा गरोदर सुनेच्या तपासणीत. नवऱ्यानं कधी रक्त दिलेलं नसतं. तिचं घेतात, कारण तिला दिवस गेलेले असतात. कागद तिच्या नावानं येतो, म्हणून आजारही तिच्या नावावर चढतो. सासू म्हणते, 'माहेराहून आणला.' लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी 2007 पासून एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' चालवलंय. 2009 मध्ये तिथली मुलं गावच्या शाळेत बसू लागली तेव्हा गावातल्या पालकांनी विरोध केला. ती मुलं पटायाला गेली नव्हती. कुठेच गेली नव्हती. त्या सगळ्यांचे बाप तुमच्यासारखे होते असं मी म्हणत नाही. वाटा वेगवेगळ्या असतात. पण मुलाला शाळेबाहेर बसवणारा समाज आणि तुम्हांला फलकावर चढवणारा समाज एकच आहे, एवढं मात्र मी रोज माझ्या वर्गातून बघते.

त्यातून आठवलं. मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुम्ही प्रमुख पाहुणे होतात. मुलींनी मोबाईल वापरू नये, ओढणी नीट घ्यावी, 'घराण्याची अब्रू लेकीच्या हातात असते' असं तुम्ही पंचवीस मिनिटं सांगितलंत. मी टाळ्या वाजवल्या. हेडबाई बघत होत्या. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की अब्रूला परदेशात सुटी असते. आणि यंदा तुम्ही दुकानातल्या तीन पोरांनाही सोबत नेलंत, बक्षीस म्हणून. एकाचं लग्न ठरलंय. लग्नाआधी 'बघून ये' म्हणालात. गुरुदक्षिणा काय घेतलीत?

हे सगळं लिहून तुमचं काही बिघडणार नाही, हे मला कळतं. पुढच्या स्कीमचं पत्रक आलंच आहे म्हणे. आता बाकू, अल्माटी. तिथेही कुणाची तरी कोरडवाहू असेलच. तरी माझ्या चार किरकोळ विनंत्या आहेत.

एक, बिलावर एक ओळ वाढवा. जीएसटीच्या खाली. 'बँकॉक, पटाया: अमुक रुपये.' शेतकऱ्याला कळू द्या, आपण कशासाठी पैसे मोजतोय. नाही तर कंपनीला म्हणा, विमानाचं तिकीट नको, तेवढी सवलत डब्याच्या भावात द्या. कंपनी हे ऐकून हसेल. ती का हसली, याचा विचार परतीच्या प्रवासात करा.

दोन, पुढच्या वेळी वहिनींना न्या. त्यांनी उभ्या आयुष्यात गाणगापूर आणि माहूर यांच्यापलीकडे काही पाहिलेलं नाही. त्या सोबत असतील तर तीन रात्रींचेही फोटो काढता येतील.

तीन, जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात जा. तपासणी फुकट, नाव गुप्त, आणि 1097 हा फोनसुद्धा फुकट. काही निघालं तर औषध सरकार देतं आणि माणूस चांगला जगतो. पण वहिनींच्या आधी तुम्ही जा. एकदा तरी रांगेत पहिले तुम्ही उभे राहा.

चार, त्या मुलीचं नाव विचारलं होतंत का, एवढं मला सांगा. बाकी काही नको.

दादा परवा आले होते. मी त्यांना हे पत्र वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. शिव्या देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, 'त्या पोरीच्या बापाकडं किती जमीन असंल?' मला उत्तर देता आलं नाही. मग धोतराला पुसून त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, 'मालकाला म्हणावं, सोयाबीन निघालं की पयलं तुमचं देतो.'

ते देतील. पैसे पोचले की पावती द्या. आणि आमच्या पानावर उधारी 'बेबाक' असं लिहाल तेव्हा, इसानमधल्या त्या दुसऱ्या पानाचं काय झालं, तेही आठवून बघा.

कळावे, लोभ होता तेवढा पुरे.

आपली,
खातेवहीतल्या एका पानाची थोरली लेक

ता. क.: फलक उतरवाल तेव्हा त्याचं कापड फेकू नका. दादांना गंजीवर झाकायला हवंय. पाऊस पडतोय अजून.